धमनीत कॅल्शियम घट्ट बसलंय, डॉक्टर ‘रोटा’ म्हणतायत: सही करण्याआधीपासून घरी येईपर्यंत

‘एलएडीमध्ये नव्वद टक्के ब्लॉक आहे, कॅल्शियम खूप आहे, रोटा करूनच स्टेंट टाकावा लागेल. आत्ताच करून टाकू या?’ कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीच्या खोलीच्या, दारात हा प्रश्न येतो तेव्हा रुग्ण आत टेबलावर असतो. बाहेर मुलगी, जावई, गावाहून आलेला भाऊ एकमेकांकडे बघत असतात. ‘एलएडी’ ही हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी धमनी आणि ‘रोटा’ म्हणजे धमनीतलं कॅल्शियम वेगाने फिरणाऱ्या यंत्राने घासणं, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नसतं आणि पाच मिनिटांत सही होते.

मी बरीच वर्षं मुंबईत अँजिओप्लास्टी करतो आहे. हा लेख त्या पाच मिनिटांच्या आधी वाचण्यासाठी लिहिला आहे. सगळ्यात महत्त्वाचं सुरुवातीलाच सांगतो. कॅल्शियमने कडक झालेल्या धमनीत स्टेंट अर्धवट उघडला, तर तो काढून पुन्हा नीट बसवता येत नाही. अशा स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा आणि काही महिन्यांत तो पुन्हा बंद होण्याचा धोका बराच वाढतो. म्हणून धमनी आधी तयार करायची, ती पूर्ण उघडते आहे याची खात्री करून घ्यायची आणि मगच स्टेंटचं पाकीट फोडायचं. पुढचं सगळं याच क्रमाने येतं.

पहिली पायरी: घाई आहे का, ते ठरवा

हार्ट अ‍ॅटॅक चालू असेल, छातीत सतत दुखत असेल, रक्तदाब घसरत असेल तर चर्चेला वेळ नसतो. बंद धमनी उघडणं हेच तेव्हाचं काम, आणि डॉक्टरांना ते करू द्यावं.

पण रुग्ण स्थिर असेल, म्हणजे जिना चढताना किंवा स्टेशनचा पूल ओलांडताना छातीत भरून येतं, थांबलं की बरं वाटतं, आणि हे काही महिने चाललंय, तर अँजिओग्राफी झाल्यावर टेबलावरून खाली उतरून विचार करायला पूर्ण मुभा आहे. कॅल्शियम जास्त असेल तर मी स्वतः याच बाजूचा आहे. अशा अँजिओप्लास्टीला जास्त वेळ, जास्त कॉन्ट्रास्ट (धमनी दिसावी म्हणून सोडायचा डाय), वेगळी यंत्रं आणि जास्त पैसे लागतात. रोटाची संमती रुग्णाने स्वतः, शुद्धीवर आणि कपडे घालून बसलेला असताना द्यावी.

स्थिर रुग्णांबद्दल २०२० साली ‘इस्केमिया’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात ५,१७९ रुग्ण होते. उत्तम औषधोपचारासोबत सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केलेल्या आणि आधी औषधांवरच ठेवलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू आणि हार्ट अ‍ॅटॅक यांचं एकत्रित प्रमाण सुमारे तीन वर्षांच्या पाठपुराव्यात लक्षणीय वेगळं नव्हतं. छातीतलं दुखणं मात्र अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांचं जास्त कमी झालं. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले आणि हृदयाचं पंपिंग फार कमी असलेले रुग्ण या चाचणीत नव्हते, हे विसरू नका. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: ‘बाबांचा त्रास कमी करण्यासाठी करायचंय, की जिवाचा धोका आहे म्हणून?’ दोन्ही कारणं योग्य असू शकतात, पण आपल्या बाबतीत कोणतं लागू आहे ते घरच्यांना माहीत असायला हवं.

दुसरा प्रश्न बायपासचा. मधुमेह आहे, तिन्ही धमन्यांत अडथळे आहेत आणि त्यावर कॅल्शियम, अशा वेळी हृदयशल्यचिकित्सकाचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. मधुमेही रुग्णांवरच्या ‘फ्रीडम’ चाचणीत, २०१२ साली, अनेक धमन्यांच्या आजारात बायपास स्टेंटपेक्षा सरस ठरला होता. ‘आमच्या आईला चिरफाड नको’ ही भावना मला समजते. पण ऐंशी वर्षांच्या, फुप्फुसं कमजोर असलेल्या आजीला आणि साठीतल्या धडधाकट काकांना एकच उत्तर लागू होत नाही. मोठ्या हॉस्पिटलांत कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन एकत्र बसून ठरवतात. तशी बैठक झाली का, हे विचारायला संकोच करू नका.

हे कॅल्शियम येतं कुठून, आणि दूध बंद करावं का

दूध, नाचणी, तीळ यांतलं कॅल्शियम थेट जाऊन धमनीत बसत नाही. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचतो, तिथे वर्षानुवर्षं दाह चालू राहतो, पेशी मरतात आणि त्या जागी हाडासारखे क्षार जमतात. वय, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब आणि विशेषतः किडनीचा जुना आजार यांनी हे वाढतं. डायलिसिसवरच्या रुग्णांच्या धमन्या सर्वांत कडक असतात. त्यामुळे घरात कुणाला असं निघालं म्हणून नाश्त्याची नाचणीची भाकरी बंद करू नका. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्या मात्र डॉक्टरांना दाखवा, खास करून किडनीचा त्रास असेल तर.

हेल्थ चेकअपच्या पॅकेजांमध्ये सीटीवरचा कॅल्शियम स्कोअर हल्ली सर्रास असतो. शून्य म्हणजे दिसण्याजोगं कॅल्शियम नाही, १००च्या पुढे मध्यम, ४००च्या पुढे भरपूर. हा आकडा भविष्यातला धोका आणि औषधांची गरज ठरवायला चांगला आहे. नुसत्या त्याच्या जोरावर अँजिओप्लास्टी ठरत नाही. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू केल्यावर हा स्कोअर कमी होत नाही, उलट थोडा वाढूही शकतो, कारण मऊ थर घट्ट होत जातात. धोका मात्र घटतो. ‘गोळ्या घेऊनही स्कोअर वाढला’ म्हणून स्टॅटिन बंद करून टाकणारे लोक पाहिले की फार वाईट वाटतं.

सलाइनमधून औषध सोडून ‘धमन्या साफ’ करून देणाऱ्या चिलेशन केंद्रांच्या जाहिराती मुंबईत, ठाण्यात सगळीकडे दिसतात. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या मधुमेही रुग्णांवर ही पद्धत नीट तपासली गेली. २०२४ साली आलेल्या ‘टॅक्ट २’ चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. ते पैसे औषधांसाठी ठेवा.

दुसरी पायरी: कॅल्शियम मोजून घ्या

अँजिओग्राफीची सीडी बघताना डाय सोडण्याआधीच्या चित्रांत, हृदयाची हालचाल नसलेल्या क्षणीही धमनीच्या दोन्ही कडांना काळ्या रेघा दिसल्या तर कॅल्शियम खूप आहे असं आम्ही धरतो. पण नुसती अँजिओग्राफी बरंच काही चुकवते. १९९५ साली १,१५५ अडथळे तपासलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात आतून केलेल्या अल्ट्रासाऊंडला ७३ टक्के जागी कॅल्शियम सापडलं, अँजिओग्राफीला फक्त ३८ टक्के जागी. शिवाय कॅल्शियम किती जाड आहे आणि धमनीच्या किती भागाला वेढून आहे, हे अँजिओग्राफी सांगूच शकत नाही.

त्यासाठी धमनीच्या आत जाणारे दोन कॅमेरे आहेत. आयव्हीयूएस ध्वनिलहरी वापरतो, ओसीटी प्रकाश वापरतो. ध्वनी कॅल्शियमवर आपटून परत येतो, त्यामुळे आयव्हीयूएसमध्ये कॅल्शियमच्या मागे सावली पडते आणि जाडी मोजता येत नाही. प्रकाश कॅल्शियममधून पार जातो म्हणून ओसीटी जाडी दाखवतो. मात्र ओसीटीसाठी सहसा डाय सोडून रक्त बाजूला करावं लागतं. किडनी नाजूक असेल तर म्हणूनच बरेचदा आयव्हीयूएस निवडतात.

ओसीटीवर तीन गोष्टी मोजतात. कॅल्शियमचा वेढा १८० अंशांपेक्षा जास्त असेल तर २ गुण, जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर १, लांबी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर १. चारपैकी चार आले तर साध्या बलूनने स्टेंट नीट उघडण्याची शक्यता कमी, म्हणजे आधी कॅल्शियम फोडायलाच हवं. एक किंवा दोन आले तर अनेकदा चांगल्या बलूनने भागतं आणि महागड्या यंत्राची गरज नसते.

मी घरच्यांना सांगतो की एकच प्रश्न पाठ करायचा असेल तर हा करा: ‘आतून कॅमेऱ्याने बघणार आहात का?’ २०२३ साली ‘रेनोव्हेट’ चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात गुंतागुंतीच्या अँजिओप्लास्टीचे १,६३९ रुग्ण होते. आतून बघून केलेल्या गटात पुढे हृदयविकाराने मृत्यू, त्या धमनीशी संबंधित हार्ट अ‍ॅटॅक किंवा त्याच धमनीवर पुन्हा उपचार हे सारं मिळून ७.७ टक्के होतं, नुसत्या अँजिओग्राफीवर केलेल्या गटात १२.३ टक्के. कॅमेऱ्याचा खर्च वाचवून रोटा करणं मला पटत नाही.

तिसरी पायरी: कोणतं हत्यार कशासाठी

सुरुवात साध्यापासून होते. जास्त दाबालाही मापाबाहेर न फुगता टिकणारा नॉन-कम्प्लायंट बलून, बारीक पात्या असलेला कटिंग बलून, तारा असलेला स्कोअरिंग बलून. कॅल्शियम पातळ किंवा एकाच बाजूला असेल तर हे पुरतात.

रोटा म्हणजे रोटेशनल अ‍ॅथरेक्टमी. लंबगोल धातूचा एक छोटा बर, म्हणजे घासणारं टोक, असतं. त्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर हिऱ्याची बारीक कणी बसवलेली असते आणि तो मिनिटाला साधारण १,४०,००० ते १,८०,००० फेऱ्या घेतो. माणसाच्या हृदयधमनीत हे तंत्र पहिल्यांदा १९८८ साली वापरलं गेलं. मोडलेल्या हाडाचं प्लॅस्टर कापणारी करवत जशी कडक प्लॅस्टर कापते पण दबणाऱ्या कातडीला इजा करत नाही, तसा हा बर कडक कॅल्शियम घासतो आणि लवचीक भिंत बाजूला सरकते. घासून निघालेले कण बहुतेक लाल रक्तपेशीपेक्षा लहान असतात. ते रक्ताबरोबर पुढे जातात आणि यकृत, प्लीहा अशा अवयवांत गाळले जातात.

रोटाची खरी जागा कुठे? तार जाते पण सगळ्यात लहान बलूनही जात नाही, कॅमेराही जात नाही, अशा ठिकाणी. तिथे दुसरा पर्याय जवळपास नसतो. त्याखेरीज आतल्या बाजूने पसरलेलं जाड, लांब कॅल्शियम असेल तेव्हाही रोटा उपयोगी पडतो.

ऑर्बिटल अ‍ॅथरेक्टमी त्याच घराण्यातली. १.२५ मिलिमीटरचा मुकुट स्वतःभोवती फिरता फिरता धमनीत वर्तुळाकार झोके घेतो. वेग मिनिटाला ८०,००० किंवा १,२०,००० फेऱ्या. तिच्या वंगणात सोयाबीनचं तेल आणि अंड्याच्या बलकातला घटक असतो, म्हणून अंड्याची किंवा सोयाची खरी अ‍ॅलर्जी असेल तर ती आधीच सांगा. हे यंत्र सगळ्या कॅथलॅबमध्ये नसतं.

तिसरा मार्ग इंट्राव्हॅस्क्युलर लिथोट्रिप्सी, बोलीत ‘आयव्हीएल’ किंवा ‘शॉकवेव्ह’. मुतखडा फोडण्याच्या तंत्रावरूनच ती आली. बलून फक्त ४ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाने फुगवतात आणि त्यातून ध्वनिदाबाच्या लहरी सोडतात. एका वेळी दहा स्पंद दिले जातात. कॅल्शियम जागेवरच तडकतं, घासलं जात नाही, त्यामुळे कण वाहून जाण्याचा प्रश्न फारसा येत नाही. सर्व बाजूंनी वेढलेलं, खोलवर असलेलं कॅल्शियम असेल आणि बलून पोचत असेल तर मी बहुधा हीच निवडतो, कारण शिकायला सोपी आणि हाताळायला सुरक्षित आहे. अडचण दोनच: बलून जाडसर असल्याने फार अरुंद जागेत जात नाही, आणि किंमत. कधीकधी आधी रोटाने वाट करून मग आयव्हीएलने तडे पाडावे लागतात. त्याला आम्ही ‘रोटाट्रिप्सी’ म्हणतो.

लेझरही आहे. पूर्वी टाकलेला स्टेंट कॅल्शियममुळे उघडलाच नसेल तेव्हा त्याचा विचार होतो, पण मुंबईत तो मोजक्याच ठिकाणी मिळतो.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. महाग यंत्र म्हणजे आपोआप चांगला निकाल, असं संशोधन सांगत नाही. अमेरिकेत दोन हजारांवर रुग्णांवर झालेल्या ‘इक्लिप्स’ चाचणीत सरसकट आधी ऑर्बिटल वापरणं आणि आधी बलूनने प्रयत्न करणं यांत वर्षभरानंतरचा फरक दिसला नाही. हृदयविकाराने मृत्यू, त्या धमनीशी संबंधित हार्ट अ‍ॅटॅक किंवा तिच्यावर पुन्हा उपचार यांचं एकत्रित प्रमाण अनुक्रमे ११.५ आणि १० टक्के होतं. उलट २०१८च्या ‘प्रिपेअर-कॅल्क’ चाचणीत, २०० रुग्णांमध्ये, कटिंग-स्कोअरिंग बलूनपेक्षा रोटाने पहिल्या फटक्यात काम यशस्वी होण्याचं प्रमाण जास्त होतं, ८१ विरुद्ध ९८ टक्के. दोन्ही एकत्र वाचल्यावर माझं मत असं झालं आहे: जिथे बलूनने भागेल तिथे बलून, जिथे भागणार नाही हे कॅमेरा आधीच सांगतोय तिथे बलूनवर तासभर झटापट न करता सरळ रोटा किंवा आयव्हीएल. बलूनने जोर लावून धमनीची भिंत फाटली की रोटा करणंही अवघड होऊन बसतं.

चौथी पायरी: टेबलावर काय होतं

रुग्ण जागा असतो. मनगट किंवा जांघ बधिर करतात. मनगटातून ६ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) नळी गेली तर तिच्यातून १.५ मिलिमीटरपर्यंतचा बर चालतो. त्याहून मोठा हवा असेल तर मोठी नळी लागते, कधी त्यासाठी जांघ निवडावी लागते. हेपॅरिन देऊन रक्त पातळ केल्यावर साधी तार अडथळ्यापलीकडे नेतात आणि मायक्रोकॅथेटर या अगदी बारीक नळीतून ती बदलून ०.००९ इंच जाडीची खास रोटा तार ठेवतात. ही तार नाजूक असते, तिला मुरड पडली तर बर नीट चालत नाही. म्हणून या टप्प्यावर डॉक्टर गप्प होऊन हळू काम करताना दिसतील. तो वेळ वाया जात नाही.

बर शरीराबाहेर फिरवून वेग, ब्रेक आणि सलाइनचा प्रवाह तपासतात. त्या सलाइनमध्ये हेपॅरिनबरोबर धमनी सैल करणारी औषधंही असतात. मग बर अडथळ्याच्या थोडा अलीकडे ठेवून सुरू करतात आणि चोचीने टिपल्यागत पुढे-मागे नेतात. एका वेळी पंधरा-वीस सेकंद, मग विश्रांती, रक्तदाब आणि ईसीजी पाहून पुन्हा. वेग ५,००० फेऱ्यांहून जास्त पडला तर बर जोराने ढकलला जातोय असा अर्थ होतो आणि मागे घ्यावं लागतं. रुग्णाला बारीक, चिरका आवाज ऐकू येतो. छातीत थोडा वेळ दुखू शकतं. अशा वेळी काही न लपवता सांगायचं. ‘जोरात खोका’ असं कुणी म्हणालं तर लगेच खोकायचं, नाडी मंदावली असेल तर त्याने मदत होते. उजव्या धमनीत रोटा करताना नाडी पडण्याची शक्यता असते म्हणून औषध किंवा तात्पुरता पेसमेकर आधीच तयार ठेवतात.

पूर्वी मोठे बर वापरून कॅल्शियम जास्तीत जास्त काढून टाकायचा प्रयत्न व्हायचा. आता धमनीच्या रुंदीच्या साधारण निम्म्या आकाराचा बर वापरतात. कॅल्शियमच्या कडक कड्याला वाट आणि तडा मिळावा, म्हणजे बलून आणि स्टेंट उघडेल, एवढाच हेतू. ‘सगळं कॅल्शियम काढलं का?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच ‘नाही’ असंच येईल, आणि त्यात काळजीचं काही नाही.

नंतर धमनीच्या मापाचा बलून फुगवून बघतात. तो पूर्ण, कमरेला न आवळता फुगला तरच स्टेंट. नाही फुगला तर पुन्हा मोठा बर किंवा आयव्हीएल. स्टेंट बसल्यावर आणखी एकदा कॅमेरा जातो. स्टेंट आजूबाजूच्या निरोगी धमनीच्या तुलनेत ८० टक्क्यांहून जास्त उघडलेला असावा. आतलं क्षेत्रफळ आयव्हीयूएसवर साडेपाच चौरस मिलिमीटरच्या वर आणि ओसीटीवर साडेचारच्या वर असावं असं धरलं जातं. डाव्या मुख्य धमनीत याहून बरंच जास्त. डॉक्टर बाहेर आले की ‘झालं ना?’ यासोबत ‘स्टेंट किती उघडला?’ हेही विचारा.

काय बिघडू शकतं

रक्ताचा प्रवाह मंदावणं ही त्यातली नेहमीची गोष्ट. औषधांनी तो बहुधा सुधारतो. धमनीला छेद जाणं आणि बर अडकणं या गंभीर घटना. त्या दुर्मीळ आहेत, अनुभवी हातांत प्रत्येकी शंभरात एक किंवा त्याच्या आसपास. पण घडल्या तर मिनिटांचा खेळ असतो. छेद गेला तर आवरणासह असलेला स्टेंट, हृदयाभोवती साचलेलं रक्त काढायची सुई आणि गरज पडली तर सर्जन, हे सगळं हाताशी असावं लागतं. म्हणून माझा आग्रह आहे की रोटा अशाच ठिकाणी करून घ्यावा जिथे डॉक्टर तो वरचेवर करतात आणि हृदयशस्त्रक्रियेची सोय आहे. ‘तुम्ही रोटा नियमित करता का, आणि गरज पडली तर सर्जन इथेच आहेत का?’ एवढं विचारलं तर कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. बायपासमध्ये पायातून घेतलेल्या शिरेत, किंवा गुठळी स्पष्ट दिसत असताना, रोटा टाळतात.

हॉस्पिटल आणि पैसे

परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर ही महापालिकेची आणि भायखळ्याचं जेजे हे राज्य सरकारचं रुग्णालय. चारही ठिकाणी हृदयरोग विभाग आहेत आणि कठीण रुग्ण हाताळायचा तिथला सराव मोठा आहे. गर्दी असते, तारीख मिळायला वेळ लागतो. स्थिर रुग्णासाठी तो वेळ बहुधा परवडतो, फक्त किती थांबलेलं चालेल हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. रोटाचा बर किंवा आयव्हीएलचा बलून रुग्णालयातून मिळेल की बाहेरून आणावा लागेल, हे आधीच विचारून घ्या.

खासगीकडे अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात ओळी वेगळ्या मागा: स्टेंट, रोटा किंवा आयव्हीएल, कॅमेऱ्याचा कॅथेटर, बलून, कॅथलॅब, खोली. औषधी स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. तेव्हा ती २९,६०० रुपये होती, नंतर वेळोवेळी सुधारली गेली. बिलात स्टेंटचं नाव आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवावा लागतो. रोटा आणि आयव्हीएल या स्टेंटच्या मर्यादेत येत नाहीत. एका आयव्हीएल बलूनच्या किमतीत कितीतरी स्टेंट येतात, म्हणून अंदाज आणि अंतिम बिल यांतली तफावत बहुतेक वेळा याच ओळींमध्ये निघते. मेडिक्लेम असेल तर पूर्वमंजुरीच्या अर्जात ‘अ‍ॅथरेक्टमी’ किंवा ‘लिथोट्रिप्सी’ आणि ती का लागतेय हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसतं ‘अँजिओप्लास्टी’ लिहिलं तर डिस्चार्जच्या दिवशी कंपनीशी वाद होतो आणि रुग्ण संध्याकाळपर्यंत खाटेवर अडकून पडतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. अँजिओप्लास्टी त्यात येते. तुमचं यंत्र पॅकेजमध्ये आहे का, हे अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधी स्पष्ट करून घ्या. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. धर्मादाय हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखायच्या असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी भेटा, बिल झाल्यावर फार काही करता येत नाही. मुख्यमंत्री सहायता निधी आणि सिद्धिविनायक मंदिर न्यास यांच्याकडेही वैद्यकीय मदतीचे अर्ज घेतले जातात.

आदल्या दिवशी

क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि हिमोग्लोबिनचे ताजे अहवाल हवेत. किडनी कमजोर असेल तर आदल्या रात्रीपासून सलाइन लागू शकतं. मेटफॉर्मिन थांबवायची का, हे डॉक्टर किडनीच्या आकड्यावरून ठरवतील. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा तत्सम गोळी चालू असेल तर ती आधीच सांगा, अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, वैद्यांनी दिलेल्या पुड्यांसकट. आणि पुढच्या वर्षभरात गुडघ्याचं, मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर ते आत्ताच सांगायचं. स्टेंटनंतर गोळ्या किती महिने घ्यायच्या, याचा त्या ऑपरेशनशी थेट संबंध आहे.

घरी आल्यावर

सगळं सुरळीत झालं तर एक-दोन दिवसांत घरी सोडतात. जांघेतून केलं असेल तर काही दिवस जिने कमी, वजन उचलायचं नाही. चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आठवडाभर दिवसातून एकदाच खाली उतरायचं ठरवावं आणि लोकलची गर्दी टाळावी. जागा सुजली, रक्त आलं, पाय किंवा हात गार पडला, तर हॉस्पिटलला लगेच कळवा. छातीत पुन्हा दुखलं आणि पाच-दहा मिनिटांत थांबलं नाही तर १०८ला फोन करा, टॅक्सी शोधत बसू नका.

अ‍ॅस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर अशी दुहेरी गोळी असते. स्थिर आजारात साधारण ६ महिने, हार्ट अ‍ॅटॅकनंतर १२ महिने. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर हा काळ कमी करतात. दाताच्या डॉक्टरांनी ‘पाच दिवस गोळी बंद करा’ म्हटलं तर आधी कार्डिओलॉजिस्टला फोन. गणपतीला कोकणात जाताना गोळ्या पुरेशा घेऊन जा. सणाच्या दिवसांत गावी चार दिवस गोळी चुकली आणि स्टेंट बंद होऊन रुग्ण परत आला, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

स्टॅटिन चालूच राहील. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ५५च्या खाली आणायचं असतं. एका गोळीने न झाल्यास इझेटिमाइबची जोड देतात. साखर, रक्तदाब, तंबाखू यांकडे पाहिलं नाही तर दुसऱ्या धमनीत तेच सुरू राहतं. तंबाखूत मशेरीही धरा. ती लावणाऱ्या आजींना हे कुणी सांगतच नाही.

फाइलमध्ये चार गोष्टी कायम ठेवा: अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी दोन्हींची सीडी, स्टेंटचं कार्ड, डिस्चार्जचा कागद आणि कॅमेऱ्याच्या मोजमापांची प्रिंट. डिस्चार्जच्या कागदावर ‘रोटा केला’ एवढंच असेल तर बराचा आकार, कोणत्या धमनीत केला आणि स्टेंट किती उघडला, हे निघण्यापूर्वी हाताने लिहून घ्या. उद्या रात्री दोन वाजता दुसऱ्याच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरला ही एक ओळ फार उपयोगी पडते.